हॅल्वर स्ट्रँडचा परवाना

विंटर क्रीक, उत्तर विस्कॉन्सिन
१२ ऑगस्ट १९९८

नोरीन,

परवा तुझ्या अंगणात उभा राहून सरळ दोन शब्द बोलायला गेलो, तर तू दार लावून घेतलंस आणि आतून ओरडलीस, "जे सांगायचं ते कागदावर लिहून द्या, म्हणजे शिकार खात्याला दाखवता येईल!" घे. लिहून देतोय. दाखव कुणाला दाखवायचं ते.

माझं वय एकाहत्तर. सत्तावन्न वर्षं मी या जंगलात हरणं मारतोय. तरी चार शनिवार शाळेच्या त्या बुटक्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन, बारा-बारा वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसलो. का? तर गेल्या नोव्हेंबरात क्लेम विताकच्या खांद्याला माझी गोळी लागली, न्यायाधीशानं माझा शिकारीचा परवाना काढून घेतला आणि म्हणाला, सुरक्षेचा वर्ग पुन्हा कर, प्रमाणपत्र आण, मग बघू. केला वर्ग. लेखी परीक्षेत पन्नासपैकी एकोणपन्नास मिळवले. शेजारच्या पोराला बत्तीस होते, तो पास. आणि मी जंगलातल्या चाचणीत नापास! एका पुठ्ठ्याच्या माणसापायी!

या अख्ख्या तालुक्यात शिकवायला एकच बाई असावी आणि ती नेमकी अकरा वर्षं माझी सून म्हणून नांदलेली असावी, हे माझं नशीब. मिलवॉकीहून तू आलीस तेव्हा बंदुकीच्या कुठल्या टोकातून गोळी निघते हे तुला माहीत नव्हतं. शिकवलं कुणी? माझ्या पोरानं, डेलनं नाही. त्याला पहाटे उठायचा कंटाळा. मी शिकवलं. आता तू मला शिकवणार?

हंगाम २१ नोव्हेंबरला सुरू होतो. महिनाअखेर सही करून प्रमाणपत्र धाड.

आणि निकालाच्या चिठ्ठीवर मुंग्या चालल्यासारखं काय खरडलंयस? माणसाला वाचता येईल असं लिहीत जा.

हॅल्वर स्ट्रँड

*

१७ ऑगस्ट १९९८

मि. स्ट्रँड,

तुमचं पत्र मिळालं. एका ओळीत चार शब्द, तेही गोठ्याच्या भिंतीवर रंगवावीत एवढ्या अक्षरांत. कागदावरसुद्धा ओरडायलाच हवं का? अंगणात ओरडलात तेवढं पुरे होतं. माझी कुत्री अजून पलंगाखालून निघत नाही.

तुम्ही का नापास झालात ते पोरांसमोर सांगितलं नाही, कारण मला तुमची लाज काढायची नव्हती. आता लेखी मागताय, तर घ्या.

जंगलातल्या वाटेवर आठ ठिकाणं. हातात लाकडी बंदूक. प्रत्येक ठिकाणी थांबून समोर काय दिसतं ते बघायचं आणि "मारतो" किंवा "सोडतो" एवढंच म्हणायचं. सहाव्या ठिकाणी झुडपामागे तपकिरी कोटातला पुठ्ठ्याचा माणूस होता. तुम्ही थांबलात, खांद्याला बंदूक लावली आणि म्हणालात, "मारतो." मागं पोरांची रांग होती. त्यांतल्या एकीनं घरी जाऊन आईला सांगितलं, त्या आजोबांनी माणूस मारला.

कोर्टात तुम्ही स्वतः कबूल केलंत की त्या सकाळी कॉफीत ब्रँडी घातली होती, दोनदा. क्लेमनं सांगितलं की माणूस लांबून ओळखू यावा म्हणून सक्तीचं असलेलं नारिंगी जाकीट त्यानं काढून बुडाखाली घेतलं होतं, म्हणून न्यायाधीश तुमच्याशी नरमाईनं वागले. बिचाऱ्याचं नाव पेपरात आलं, 'जाकीट न घालता जंगलात'. त्याचा डावा हात आता कानाच्या वर जात नाही. वर्गाच्या दिवशी तुमच्या तोंडाला वास नव्हता, हे मान्य. पण वास नसतानाही माणूस हरणासारखा दिसत असेल तर मी सही कशी करू?

पुढच्या वर्षी या. तेव्हाही मीच असेन.

राहता राहिलं शिकवण्याचं. हो, तुम्ही शिकवलंत. आणि त्याच संध्याकाळी सगळ्या गुत्त्यासमोर म्हणालात, "आमची सून एवढा आवाज करत चालते की हरणं कॅनडात पोचली." लोक अजून मला ते ऐकवतात.

नोरीन डॉयल

*

२४ ऑगस्ट १९९८

नोरीन,

सूर्य डोळ्यांवर होता. सकाळी नऊला त्या वाटेवर सूर्य समोरून येतो, हे जो तिथं पुठ्ठे लावतो त्याला कळायला हवं. शिकवणारीला एवढी अक्कल हवी.

खात्याकडं तक्रार पाठवली आहे. जुन्या नात्याचा राग मनात धरून ही बाई मला मुद्दाम नापास करते, असं स्पष्ट लिहिलंय. खोटं आहे का? डेल तुला सोडून अॅरिझोनाला गेला तो काही तिथल्या उन्हासाठी नाही. घरात चोवीस तास परीक्षा घेणारी बाई असली की माणूस पळतोच. मी तेव्हा तुझ्या बाजूनं बोललो होतो, हे तुला कुणी सांगितलं नसेल. आता पस्तावतोय.

आणि क्लेमचं नाव तू कशाला काढतेस? क्लेमची माझ्याविरुद्ध तक्रार नाही. तो आणि मी त्रेचाळीस नोव्हेंबर एकत्र काढलेत. त्याच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा आम्ही सकाळी जंगलात होतो, त्याची बायको चर्चच्या पायरीवर वाट बघत होती. त्याला काय वाटतं ते तो मला सांगेल, तुला नाही.

ब्रँडी मी जानेवारीपासून सोडली आहे. माणूस चुकतो, शिक्षा भोगतो, सुधारतो. तुमच्या त्या पुस्तकात यावर धडा नाही वाटतं?

हॅल्वर स्ट्रँड

*

५ सप्टेंबर १९९८

मि. स्ट्रँड,

तुमची तक्रार पोचली. खात्याच्या माणसानं मला तासभर प्रश्न विचारले, अगदी घटस्फोट कधी झाला इथपासून. अभिनंदन. बारा वर्षं फुकट शिकवते आहे, चारशेच्या वर नवखे लोक या वर्गातून जंगलात गेले, एकाकडूनही कुणाला इजा झालेली नाही. आणि माझी चौकशी कुणामुळे? तुमच्यामुळे.

ठरलं ते असं. शनिवारी १९ सप्टेंबरला तुमची चाचणी पुन्हा होईल. त्याच वाटेवर, पण दुपारी दोनला, म्हणजे सूर्य तुमच्या पाठीशी. शेजारच्या तालुक्यातला मार्विन हा शिक्षक निकाल देईल. मी फक्त हजर असेन.

आणखी एक. काल कोंबड्यांचं खाद्य आणायला गेले होते, तिथं क्लेम भेटला. एका हातानं पोतं गाडीत ढकलत होता. मी मदतीला गेले तर म्हणाला, "राहू दे, सवय झाली." मग इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारलं, "लेखी पेपर हॅल्वरनं स्वतः वाचला का गं?"

म्हटलं, "नाही. चष्मा घरी विसरले होते. मी प्रश्न वाचून दाखवले, त्यांनी तोंडी उत्तरं दिली."

त्यानं पोतं आणखी आत ढकललं. "चष्मा विसरला म्हण," एवढंच बोलला आणि गाडीत बसला.

यात मला काही कळलं नाही. तुम्हाला कळतंय का? आणि तुम्ही माझ्या घरी सव्वा मैल चालत का आलात? तुमची गाडी अंगणात उभी आहे, टायरांभोवती गुडघाभर गवत आहे. रस्त्यावरून जाताना दिसतं.

चष्मा आणा.

नोरीन डॉयल

*

१० सप्टेंबर

गाडीचा गिअर गेलाय. १९ला येतो. चष्मा आणतो. क्लेमला यात ओढू नकोस, त्याला बरं नसतं.

हॅ.

*

२० सप्टेंबर १९९८

मि. स्ट्रँड,

काल तुम्ही "पास?" असं विचारलंत आणि मी सरळ निघून गेले. मार्विनचं पत्र तुम्हाला येईलच. त्याच्या आधी माझ्याकडून ऐका, कारण तिथं उभी मी होते.

शुक्रवारी दुपारी मार्विनच्या बायकोनं तुम्हाला त्या वाटेवर पाहिलं. तुम्ही काठी टेकत पावलं मोजत होतात. प्रत्येक ठिकाणी थांबून पुठ्ठ्यापर्यंत जात होतात आणि हातानं चाचपत होतात. तिला वाटलं, म्हातारा नाराज आहे, पुठ्ठे फाडतोय की काय. तिनं मला फोन केला. मी रात्रभर विचार केला आणि मला क्लेमचं ते "चष्मा विसरला म्हण" आठवलं.

म्हणून काल सकाळी मी चौथ्या ठिकाणचं हरीण काढलं. दुपारी त्या जागी मी उभी राहिले. मार्विनला सांगून. डोक्यावर नारिंगी टोपी, अंगात नारिंगी जाकीट, तोंडावर ऊन. तुमच्यापासून बावीस पावलं. मध्ये एक पानसुद्धा नव्हतं.

तुम्ही आलात. ओठ हलत होते, पावलं मोजत होतात. थांबलात. माझ्याकडे तोंड केलंत. अकरा वर्षं ज्या माणसाच्या टेबलावर जेवले तो माणूस माझ्याकडे सरळ बघत होता. मग बंदूक उचललीत आणि म्हणालात,

"नर. सहा टोकांचा. मारतो."

सहा टोकं! शिंगं सुद्धा बोटांनी मोजली होतीत.

मार्विन मटकन ओंडक्यावर बसला. आणि तुम्ही हसत होतात. मला वाटलं होतं, तुम्हाला पकडल्यावर बरं वाटेल. त्याऐवजी मी नळीसमोरून बाजूला झाले, मि. स्ट्रँड. बंदूक लाकडाची आहे हे माहीत असून झाले.

ब्रँडी नव्हती ना? त्या दिवशी, क्लेमच्या दिवशी?

नोरीन

*

२९ सप्टेंबर १९९८

नोरीन,

सापळा लावून माणूस धरायचा हे मी तुला शिकवलं नव्हतं. हरणाला मिठाचं आमिष ठेवून मारणारे लोक असतात, मी त्यांच्या शेजारी बसत नाही. तू त्यातली निघालीस.

नव्हती ब्रँडी. बाटली पिशवीत होती, झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. झालं समाधान?

तीन वर्षं झाली. नजरेच्या मधोमध एक डाग आहे, ओल्या बोटानं शाई पुसल्यासारखा. कडेचं सगळं दिसतं. तुझ्याकडे बघितलं तर मला तुझे कान दिसतात, तोंड नाही. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं जातं. शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं, यावर औषध नाही, वाढतच जाणार. त्याला म्हटलं, बरं, आणि गाडी चालवत घरी आलो. नंतर मात्र गाडीला हात लावला नाही. गिअर ठीक आहे.

तुझी पत्रं भिंगातून, कागद तिरका धरून, एकेक शब्द वाचतो. एका पत्राला दोन दिवस लागतात. एवढे कष्ट घेऊन तुझ्या शिव्या वाचणारा माणूस तुला दुसरा मिळणार नाही.

त्या सकाळी बर्फ नव्हतं. उतारावर काहीतरी हललं, डोळ्याच्या कडेला. सरळ बघितलं तर काही नाही. पुन्हा कडेनं बघितलं तर हललं. मला हरीण हवं होतं, नोरीन. दोन वर्षं मी काही मारलं नव्हतं आणि क्लेम मला विचारत नव्हता, का ते. मला हवं होतं म्हणून ते हरीण झालं.

खाली गेलो, हात लावला. ओलं लागलं. अगदी जवळ जाऊन मान तिरकी केली तेव्हा दिसलं. नारिंगी. जाकीट त्याच्या अंगात होतं. सगळी बटणं लावलेली.

दवाखान्यात शिकार खात्याचा अधिकारी आला. क्लेम त्याला म्हणाला, "चूक माझी, साहेब, मी जाकीट काढून बसलो होतो." मी पलंगाच्या पायथ्याशी उभा. क्लेमनं माझ्याकडे बघितलंही नाही. मग मला वाटलं, तो खोटं बोलतोय तर मीही काहीतरी द्यायला हवं. म्हणून ब्रँडी म्हणालो. पिणाऱ्याला दारू सोडता येते. लोक म्हणतात, चुकला पण सुधारला, येऊ द्या परत. डोळे गेलेल्याला कुणी परत येऊ देत नाही.

हे कागदावर आहे. हा कागद तू कुणाला दाखवलास तर मी म्हणेन, तू माझ्या अक्षराची नक्कल केलीस. एवढं मोठं अक्षर कुणालाही काढता येतं.

हॅल्वर

*

४ ऑक्टोबर १९९८

मि. स्ट्रँड,

हे मी मोठ्या अक्षरात लिहिते आहे. दया म्हणून नाही. नंतर "वाचता आलं नाही" असं म्हणायला जागा नको म्हणून.

सही होणार नाही. यंदा नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. तुमचं पत्र मी कुणाला दाखवणार नाही, पण एका अटीवर. ३१ ऑक्टोबरपर्यंत तुम्ही क्लेमला तोंडानं सांगा, की तुम्हाला दिसत नव्हतं आणि तुम्हाला ते माहीत होतं. नाही सांगितलंत तर सोमवारी, दोन तारखेला मी न्यायाधीशांसमोर उभी असेन.

तुम्ही मला धमक्या द्या, डेलचं नाव काढा, तक्रारी करा. मला त्याचं काही वाटेनासं झालंय. एका गोष्टीचं वाटतं.

एकोणऐंशी सालचा नोव्हेंबर. माझा पहिला परवाना, पहिली सकाळ. देवदारांत काहीतरी हललं आणि मी बंदूक उचलली. तुम्ही नळीवर हात टाकून ती खाली दाबलीत, पार बर्फात. आणि म्हणालात, "काय आहे त्याचं नाव सांग. नाव सांगता आलं नाही तर ते तुझं नाही." तेवढ्यात झाडांतून डेल आला, आपल्यासाठी सँडविचं घेऊन. तुम्ही त्याला काही कळू दिलं नाहीत. मी दिवसभर रडत होते. तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत, पण संध्याकाळपर्यंत माझ्या शेजारून हललाही नाहीत.

प्रत्येक नवख्याला मी पहिल्या दिवशी, पहिल्या पाच मिनिटांत हेच वाक्य सांगते. तुमचं नाव घेत नाही, पण वाक्य तुमचंच. या जुलैतही सांगितलं. तुम्ही तिसऱ्या बाकावर बसला होतात. पोरांनी ते वहीत लिहून घेतलं. तुम्ही मान खाली घालून होतात. तेव्हा मला वाटलं, म्हातारा झोपलाय.

गोळीबद्दल माझ्या मनात जेवढा राग आहे त्यापेक्षा त्या खाली घातलेल्या मानेबद्दल जास्त आहे. तुम्हाला नियम माहीत होता. तुम्हीच बनवला होता.

३१ ऑक्टोबर.

नोरीन

*

२२ नोव्हेंबर १९९८, रविवार

नोरीन,

तू न्यायाधीशाकडे गेली नाहीस, म्हणजे क्लेमनं तुला काहीतरी कळवलं असणार. तरी माझ्याकडून लिहून देतो. तुला सगळं लेखी लागतं.

३० तारखेला गेलो, तुझ्या मुदतीच्या एक दिवस आधी. तुझ्या धाकानं आला असं कुणी म्हणायला नको. क्लेम स्वयंपाकघरात होता, आवाजावरून बटाटे सोलत होता. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, डोळ्यांचं, ब्रँडीचं, सगळं.

सुरीचा आवाज थांबला. "मला माहीत आहे," म्हणाला.

"कधीपासून?"

"त्याच्या आदल्या उन्हाळ्यापासून. तू माझ्या टपालपेटीला हात करून 'काय क्लेम' म्हणालास. मी तेव्हा मागच्या ओट्यावर उभा होतो."

मला राग आला. खरंच आला, नोरीन. म्हटलं, "गाढवा, माहीत होतं तर माझ्याबरोबर जंगलात आलास कशाला?"

"तू एकटा गेला असतास."

मग तो म्हणाला, "रात्रभर मनाशी ठरवलं होतं, की आज सांगायचं. सकाळी माझ्या जागेवर बसवेना. म्हणून उठलो आणि तुझ्याकडे यायला उतार चढायला लागलो. तुला म्हणणार होतो, हॅल्वर, बंदूक माझ्याकडे दे, आपण नुसते बसू."

नोरीन, तो मला ते सांगायला येत होता. त्या उतारावर जे हललं, ते हे होतं.

मी खुर्ची शोधून बसलो. वाटलं, आता तो काहीतरी चांगलं बोलेल. त्रेचाळीस वर्षं. तो म्हणाला, "गोळी मी दवाखान्यातच माफ केली. पण तुझ्यासाठी मी खोटं बोललो, माझं नाव पेपरात आलं, चर्चमध्ये लोक माझ्यापासून पोरं लांब बसवायला लागले, बेशिस्त म्हातारा म्हणून. अकरा महिने तू रोज इथं येऊन माझी कॉफी प्यायलास. आणि परवाना परत घ्यायला निघालास! दुसऱ्या कुणाला तरी गोळी घालायला! ऊठ. चालता हो माझ्या घरातून."

उठलो. दाराची चौकट सापडेना. तो मदतीला आला नाही. बरं केलं.

खात्याला तक्रार मागं घेतल्याचं कळवलंय. न्यायाधीशालाही लिहिलं, याच मोठ्या अक्षरात, की क्लेम विताकनं जाकीट घातलं होतं, त्याच्या नावावरचा ठपका काढा आणि खोटं बोलल्याबद्दल जी काय शिक्षा असेल ती मला द्या. पेपरातही छापायला सांगितलंय. पुढच्या गुरुवारी येईल. तू वाच, मला जमणार नाही.

तुझी माफी मागत नाही. तू मला पोरांसमोर नापास केलंस आणि पुठ्ठ्याच्या जागी उभी राहिलीस. दोन्ही वेळा बरोबर होतीस, म्हणून जास्त राग येतो.

काल हंगाम सुरू झाला. पहाटेपासून टेकडीकडून बार ऐकू येत होते. पहिला सहा चाळीसला, मग एकदम तीन. घरात बसून मी हे पहिल्यांदाच ऐकलं. कुणाचा नेम लागला, कुणाचा चुकला, आवाजावरून कळतं. तुझ्या वर्गातली पोरंही असतील त्यात.

आठच्या सुमाराला रस्त्यावर क्लेमचा ट्रक येऊन थांबला. त्याचा सायलेन्सर फुटलेला आहे, दुसरा कुणाचा असूच शकत नाही. हॉर्न नाही, दार उघडल्याचा आवाज नाही. नुसतं इंजिन चालू. मी कोट शोधायला गेलो. खुंटीवर नव्हता, खुर्चीवर नव्हता, पलंगाखाली सापडला. बाही उलटी झाली होती. ती सरळ करून ओट्यावर येईपर्यंत ट्रक निघून गेला होता.

आज पहाटे पाचपासून कोट घालून दारात बसलोय. हे पत्र मांडीवर ठेवून लिहितोय, म्हणून ओळी वाकड्या आहेत. आठ वाजायला अजून थोडा वेळ आहे.

हॅल्वर